लेखनिकाच्या खोलीत कॉपी शोधू नका : मुंबईतल्या केंद्रसंचालकांना आणि पर्यवेक्षकांना खुले पत्र

प्रति,
दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांचे सर्व केंद्रसंचालक, उपकेंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक,
बृहन्मुंबई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मंत्र्यांना नाही, मंडळाच्या अध्यक्षांना नाही, शिक्षण आयुक्तांनाही नाही. त्यांना पत्रं पुष्कळ जातात. शिवाय दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षेबाबत कागदावर जे द्यायचं ते बऱ्यापैकी देऊन झालेलं आहे. अडतं ते सकाळी केंद्राचं फाटक उघडल्यापासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून होईपर्यंत. त्या वेळात कायदा काय म्हणतो हे कोणी विचारत नाही. केंद्रसंचालक काय म्हणतात आणि वर्गावरचे पर्यवेक्षक काय समजतात, त्यावर सगळं ठरतं. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी परळ भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते. दहावीच्या दिव्यांग मुलांचे सवलतीचे प्रस्ताव तयार करायचे, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स साक्षांकित करून विभागीय मंडळाकडे पाठवायच्या, लेखनिक (म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारं मूल) शोधायचा, त्याच्या आईवडिलांची समजूत घालायची, ही कामं एके वर्षी माझ्या गळ्यात पडली आणि तिथेच राहिली. शाळेत एखादं काम एकदा नीट केलं की ते कायमचं आपलं होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पर्यवेक्षणही अनेक वर्षं केलंय. त्यामुळे तुमची बाजू मला ठाऊक आहे. ब्लॉकचा, म्हणजे एकेका पर्यवेक्षकाकडच्या वर्गाचा हिशेब, उत्तरपत्रिकेवरचे बारकोड आणि होलोक्राफ्टचे स्टिकर, पुरवण्यांची नोंद, ऐनवेळी न आलेला शिक्षक, आणि भरारी पथक कुठल्या क्षणी दारात उभं राहील याचा नेम नाही. या धबडग्यात कोपऱ्यातल्या खोलीत एक मुलगा आणि त्याचा लेखनिक बसलेला असतो. बहुतेकांच्या लेखी ती एक जादा कटकट असते आणि काहींच्या लेखी तर कॉपीचा अड्डाच.

कॉपीमुक्त अभियानाबद्दल माझी तक्रार नाही. कॉपी व्हायला नको, आणि ती थांबवताना पर्यवेक्षकाला शिव्या खाव्या लागतात हेही खरं. पण या अभियानाने आपल्याला एक सवय लावली आहे. वर्गात आवाज आला की आपली मान वळते. लेखनिकाच्या खोलीत मात्र आवाज हीच परीक्षा असते, आणि हे परीक्षा घेणाऱ्यांनाच अनेकदा माहीत नसतं.

एका केंद्रावर माझी नेमणूक अशाच खोलीवर होती. बीजगणिताचा पेपर. मुलगा डिसग्राफियाचा, म्हणजे डोक्यात गणित स्वच्छ पण हातातून कागदावर उतरताना आकडे जागा सोडून पळणारे. लेखनिक नववीतली मुलगी. वर्गसमीकरण नववीला नसतं, त्यामुळे तिला समोरचं गणित कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने सांगायचं आणि तिने ऐकेल तसं लिहायचं. तो सांगत होता, "एक्सचा वर्ग, वजा सात एक्स, अधिक बारा, बरोबर शून्य. खालच्या ओळीवर ये. एक्सचा वर्ग, वजा तीन एक्स, वजा चार एक्स..." तेवढ्यात पथक आलं. त्यातल्या एका बाईंनी दारातूनच विचारलं, "हे दोघं बोलतायत कशाला? मॅडम, तुमचं लक्ष कुठंय?" मी परवानगीपत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली, वर "हळू बोला रे, सगळीकडे ऐकू जातंय" असं सांगून गेल्या. ऐकू जाण्यासारखं शेजारी कोणीच नव्हतं.

पण मुलाचा आवाज बसला तो बसलाच. पुढचा अर्धा तास तो पुटपुटत राहिला. मुलगी दर ओळीला "काय?" विचारायची, तेही दबकत, कारण आता तिलाही आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटू लागलं होतं. "वजा चार" चं तिने "अधिक चार" लिहिलं. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो दोन पायऱ्या पुढे गेला होता. मग खोडायचं, नव्याने सांगायचं, ती पुन्हा विचारणार. चाळीस गुणांचा, दोन तासांचा पेपर. त्याला चाळीस मिनिटं जादा होती, त्यातली बरीचशी ही भीती खाऊन गेली. त्या बाईंनी नियम मोडला नव्हता, पेपर हिसकावला नव्हता, आवाजसुद्धा फार चढवला नव्हता. त्यांना ती खोली कशासाठी असते हे माहीत नव्हतं, बस.

संशयाला काही आधारच नाही असं मी म्हणणार नाही. लेखनिक उत्तर सांगू शकतो. खोटी प्रमाणपत्रंही निघतात. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून एवढा गदारोळ झाला की त्यानंतर आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येक प्रमाणपत्रावर शेरेबाजी सुरू झाली. पण दहावीचं पोर ज्या वाटेने इथवर येतं ती एकदा बघा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात येणाऱ्या अडचणीची तपासणी मुंबईत सायन, नायर, केईएम अशा पालिकेच्या रुग्णालयांत होते. बुद्ध्यंक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक. एका फेरीत यातलं काही होत नाही. चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणारी, घरकाम करणारी आई दर फेरीला एक खाडा करते. एवढं करून हाती आलेला कागद आपण फाटकावर उलटा-सुलटा करून बघतो आणि वर विचारतो, "दिसतो तर चांगला, याला काय झालंय?"

काय झालंय ते सांगते, कारण मराठी माध्यमात हे ओळखायलाच उशीर होतो. ऱ्हस्व वेलांटी घ्या. कानाला आधी "क" ऐकू येतो, मग "इ". लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी काढायची. बहुतेक मुलं हे कधी शिकली ते त्यांना आठवतही नाही. या मुलांना ते प्रत्येक वेळी नव्याने करावं लागतं. "किनारा" लिहिताना वेलांटी "न"वर जाऊन बसते, "वर्ग"चा रफार "व"वर चढतो, जोडाक्षर आलं की पेन थांबतं. तोंडी विचाराल तर हाच मुलगा पानिपतची कारणं घडाघडा सांगेल. आपण वर्षानुवर्षं त्याच्या वहीवर "शुद्धलेखन सुधारा" असं लाल शाईने लिहीत आलो. तपासणीची साधनं मुळात इंग्रजीतून आलेली. मराठीसह भारतीय भाषांसाठीची 'डाली' ही चाचणी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केली तीही गेल्या दशकात. म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जे तिसरी-चौथीत कळायची सोय झाली, ते आमच्या मुलाला आठवी-नववीत कळतं. कळलं तर.

आणि हे सगळं ज्या राज्याने सर्वात आधी मान्य केलं त्या राज्यात होतंय. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९९६. त्यामागे मुंबईतल्या पालकांचा आणि डॉक्टरांचा मोठा रेटा होता. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले आणि कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे स्पष्ट लिहिलं गेलं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ ला लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान वीस मिनिटं जादा हे प्रमाण त्यात होतं. परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, हेही होतं. आपल्या गिरगाव-लालबागच्या जुन्या शाळांना लिफ्ट नसते, त्यामुळे ही ओळ फार महत्त्वाची.

संशयाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयच बोललेलं आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, निकाल ११ फेब्रुवारी २०२१. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याच्याकडे ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं. सरकारचं म्हणणं होतं की अशी मुभा दिली तर गैरवापर होईल. न्यायालयाने ते मानलं नाही. अपंग माणूस गैरमार्ग वापरणारच असं गृहीत धरणं हाच पूर्वग्रह आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला, ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असूनही ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना निघाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणात हीच बाब न्यायालयाने पुन्हा ठणकावली. तेव्हा फाटकावर "चाळीस टक्के आहेत का?" हा प्रश्न विचारायचं आता सोडून द्या. विभागीय मंडळाचं परवानगीपत्र असेल तर टक्के मोजण्याचं काम तुमचं नाही.

दुसरा निकाल मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो थेट केंद्राबद्दलचा आहे. अवनी प्रकाश प्रकरण, २३ नोव्हेंबर २०२१. डिसग्राफिया असलेली मुलगी २०२१ च्या 'नीट'ला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसली. तीन तासांच्या पेपरला तिला एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावर तो दिला गेला नाही. वेळ संपली म्हणून उत्तरपत्रिका काढून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने सांगितलं की चूक परीक्षा घेणाऱ्यांची आहे, केंद्रावरच्या लोकांना नियमित प्रशिक्षण द्या, आणि या मुलीचं नुकसान कसं भरून काढता येईल ते बघा. पण फेरपरीक्षा दिली नाही. लाखो मुलांच्या परीक्षेत एकीसाठी ती घेणं शक्य नव्हतं. देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाला जो तास परत देता आला नाही, तो त्या दिवशी खोलीत उभ्या असलेल्या एका माणसाला देता आला असता. पर्यवेक्षकाची खुर्ची साधी असते, मानधन तर बोलायलाच नको, पण हातात एवढी ताकद असते.

वेळेबद्दल आणखी एक. २०२३ पासून मंडळाने सर्वच विद्यार्थ्यांना शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. पेपरच्या आधी प्रश्नपत्रिका वाचायला मिळायची ती दहा मिनिटं बंद झाली, त्याबदल्यात. एका केंद्रावर आमच्या मुलीला सांगण्यात आलं की तुझ्या जादा वेळेतून ही दहा मिनिटं वजा होणार. का, तर "सगळ्यांना मिळालीच आहेत ना". सगळ्यांना मिळाली म्हणूनच ती वजा होत नाहीत, हे गणित शिक्षकाला सांगायला लागू नये. तिच्या वडिलांनी बाहेरून फोन केला, मी केंद्रावर फोन केला, मिनिटं मिळाली. पण मधल्या वेळात ती काय लिहीत होती ते तिलाच ठाऊक.

आता लेखनिकाबद्दल, कारण याचा विचार कोणीच करत नाही. दहावीच्या मुलाला नववीचा लेखनिक. पात्रता एक पायरी खालची हवी, म्हणजे त्याने उत्तर सुचवू नये. ठीक आहे. पण हे चौदा वर्षांचं लेकरू स्वतःचा अभ्यास सोडून दुसऱ्याच्या परीक्षेला येतं, त्याची स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर असते. त्याला ना गुण, ना पैसे, ना प्रमाणपत्र. शिवडीहून बस पकडून येणाऱ्या अशा मुलीला एका केंद्रावर फाटकाबाहेर उभं ठेवलं, कारण हॉल तिकीट परीक्षार्थीचं असतं, लेखनिकाचं नसतं, आणि शिपायाला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी तिच्या आईने धाकट्या बहिणीला पाठवायला नकार दिला. मी त्या माउलीला दोष देऊ शकत नाही. लेखनिक मिळत नाहीत ही ओरड आपण सगळे करतो. मिळालेल्यांना आपण असं वागवतो.

लेखनिक आजारी पडू शकतो. फेब्रुवारीत मुंबईत तापाची साथ काही नवी नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनी सांगितलं होतं की आयत्या वेळी लेखनिक बदलायची लवचिकता ठेवा. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगळा लेखनिकही चालतो, फक्त एका विषयाला एकच. मराठीच्या पेपरला सुवाच्य अक्षराची आणि विज्ञानाला सूत्रं नीट लिहिणारी अशा दोन मुली घेणं हा नियमातलाच भाग आहे. त्यात कसला डाव नाही. अशा वेळी "पत्रावर दुसरंच नाव आहे" म्हणून हात झटकू नका, विभागीय मंडळाला फोन लावा. तो फोन शाळेने लावला तर अर्धा तास जातो, तुम्ही लावला तर पाच मिनिटांत काम होतं.

अंध मुलांकडच्या वस्तूंचंही तेच. ब्रेल पाटी, गणित सोडवायची टेलर फ्रेम, ॲबॅकस, ब्रेल मोजपट्टी ही त्यांची कंपासपेटी आहे. दादरच्या आणि वरळीच्या अंधशाळांतल्या मुलांना या वस्तू हाताळताना एकदा बघून या, म्हणजे फाटकावर ती पाटी उलटून खालचा कागद काढायचा मोह होणार नाही. नकाशाच्या आणि आकृतीच्या प्रश्नांना त्यांच्यासाठी पर्याय असतो. तो पर्याय आहे हे पर्यवेक्षकाला आधी माहीत हवं. पेपर हातात आल्यावर शोधाशोध नको.

कर्णबधिर मुलांबाबत मागणं इतकं लहान आहे की लिहायला संकोच वाटतो. प्रश्नपत्रिकेत दुरुस्ती असेल तर आपण दारात उभं राहून ओरडून सांगतो, "प्रश्न तीनमधला उपप्रश्न दुरुस्त करून घ्या." ते फळ्यावर लिहा. शेवटची दहा मिनिटं राहिल्याची घंटा झाली की तेही लिहा. झालं.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना एक वाक्य. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका धरायच्या नाहीत, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण गठ्ठ्यातल्या तिसाव्या पेपरला लाल पेन आपोआप चालतं. तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्या नियामकांनी तेवढे पेपर बाजूला काढून स्वतः बघावेत.

राहिला प्रश्न कॉपीचा. तुम्ही म्हणाल, हे सगळं दिलं आणि लेखनिकानेच उत्तरं सांगितली तर? तर पकडा. वेगळी खोली द्या, त्या खोलीला स्वतंत्र पर्यवेक्षक द्या, कॅमेरा लावायचा असेल तर खुशाल लावा, आम्हाला काही लपवायचं नाही. उलट रेकॉर्डिंग असेल तर कोण काय बोललं याचा वादच उरणार नाही, पथकाचाही नाही. पण त्या खोलीवर पाठवायचा माणूस पेपर सुरू होण्याआधी सांगून-समजावून पाठवा. आज बहुतेक केंद्रांवर काय होतं? ज्याला कुठलाच ब्लॉक मिळाला नाही, जो उशिरा आला, ज्याची तब्येत बरी नाही, त्याला तिकडे पाठवतात. हलकं काम म्हणून. मोठ्या वर्गावर उभं राहायला अनुभव लागतो असं आपण मानतो. मी दोन्ही केलंय. तीसेक मुलांच्या वर्गात तासाभराने सगळं आपोआप चालतं. लेखनिकाच्या खोलीत मात्र प्रत्येक वाक्य ऐकावं लागतं, मुलाने सांगितलं तेच लिहिलं जातंय ना हे बघावं लागतं, आणि मुलाला त्याचा ताण जाणवू द्यायचा नसतो. तिथे तुमचा सर्वात जाणता शिक्षक हवा.

एक मागणी माझ्याकडून, आणि ती मंडळाच्या परिपत्रकाशिवायही पुरी होऊ शकते. प्रत्येक केंद्रावर परीक्षेच्या आधी पर्यवेक्षकांची बैठक होतेच. त्या बैठकीत त्या केंद्रावर येणाऱ्या दिव्यांग मुलांची यादी वाचा. कोणाला काय मंजूर आहे, कोणती खोली, पेपर किती वाजता संपणार, हे नावानिशी सांगा. घंटा वाजवणाऱ्या शिपायालाही बोलवा, कारण सगळ्यांची घंटा झाल्यावर तोच त्या खोलीत डोकावून "चला, चला" करतो. जमलं तर एखाद्या लेखनिकाला दहा मिनिटं बोलू द्या. मुलं फार नेमकं सांगतात.

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव या भागातल्या केंद्रांवर मी स्वतः यायला तयार आहे. आधी लेखनिक म्हणून बसलेल्या आमच्या दोन मुली आता अकरावीत आहेत, त्याही येतील म्हणाल्यात. त्यांचं कॉलेज सकाळचं असतं, त्यामुळे बैठक दुपारी दोननंतर ठेवावी ही विनंती. शनिवार असेल तर उत्तम.

आपली,
एक सहशिक्षिका
परळ, मुंबई